"त्यांना युनिकोड वापरायला सांग" हे उत्तर नव्हे

एक वाक्य हल्ली माझ्या फार डोक्यात जातं. "अरे, त्यांना युनिकोड वापरायला सांग ना!"

गावाकडून आलेली मेल उघडावी, आत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा पाचोळा दिसावा, आणि ती ऑफिसात कुणाला दाखवावी, की हे वाक्य ठरलेलं. बोलणारा बहुतेक वेळा माझ्यासारखाच असतो. इंजिनियरिंगची डिग्री, हिंजवडीला नाहीतर खराडीला नोकरी, घरी आईशी फोनवर मराठीतून बोलणारा. वाक्य टाकून तो आपल्या स्क्रीनकडे वळतो. त्याच्या लेखी प्रश्न सुटलेला असतो.

आज मला ह्या वाक्याशी भांडायचंय. माझं म्हणणं साधं आहे. आलेली मेल वाचता येईल अशी करून दाखवणं हे ईमेल सॉफ्टवेअरचं काम आहे. पाठवणाऱ्याचं नाही, आणि वाचणाऱ्याचं तर नाहीच नाही. एका कोडातली अक्षरं दुसऱ्या कोडात नेण्याचं काम मेलच्या आतच, न सांगता, झालं पाहिजे. जगातल्या बऱ्याच भाषांसाठी ते होतं. मराठीसाठी अर्धवट होतं, आणि ह्यात तंत्रज्ञानाची अडचण फारच थोडी आहे. उरलेली अडचण म्हणजे आपण.

आधी रोग ओळखू

'मेलमध्ये मराठी दिसत नाही' ही तक्रार एक असली तरी रोग चार आहेत, आणि औषधं वेगवेगळी.

पहिला रोग चौकोनांचा. अक्षरं बरोबर आली आहेत, फक्त मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही. हा रोग आता जवळजवळ संपला.

दुसरा रोग चुकीच्या लेबलचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. मेलवर 'हे यूटीएफ-८ आहे' असं लेबल नसलं, की वाचणारं सॉफ्टवेअर प्रत्येक बाइटला एकेक युरोपीय अक्षर समजून छापत सुटतं. मग दिसतो डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, मग चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं वर्तुळ, मग तिसरं काहीतरी, पुन्हा तोच ए.. तुम्ही हे शंभर वेळा पाहिलंय. 'लातूर' मधल्या दीर्घ ऊकाराचा दुसरा बाइट ए५, म्हणून तिथे चक्क जपानी येनचं चिन्ह उमटतं! दिसायला भयंकर, पण एकही बाइट हरवलेला नाही. लेबल दुरुस्त करा, लातूर परत.

तिसरा रोग प्रश्नचिन्हांचा. वाटेतल्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरने मजकूर अशा कोडात बदलला, ज्यात देवनागरीला जागाच नाही. जे मावलं नाही त्याच्या जागी त्याने प्रश्नचिन्ह ठेवलं. इथे औषध नाही. अक्षर गेलं ते गेलं.

चौथा रोग फॉन्ट-कोडाचा, आणि तो खास आपला आहे. कृतिदेव फॉन्टमध्ये 'निलंगा' टाईप केलं, की फाईलमध्ये साठतात ही रोमन अक्षरं : एफ, यू, वाय, ए, एक्स, के. स्क्रीनवर मराठी दिसतं, कारण त्या फॉन्टमध्ये एफचं चित्र ऱ्हस्व वेलांटीचं काढलंय आणि यूचं चित्र 'न'चं. वेलांटी दिसते आधी म्हणून साठतेही आधी. आता हा मजकूर मेलमध्ये पेस्ट करा. फॉन्ट गळून पडतो, एफ-यू-वाय उरतं. वर मेलचं लेबल सांगतं की हा साधा इंग्रजी मजकूर आहे. लेबल नुसतं चुकलेलं नाही, खोटं बोलतंय. आणि ते खोटं आहे हे सॉफ्टवेअरला कळावं अशी कुणी सोयच केलेली नाही.

दोष टायपिस्टचा नाही

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी तहसीलच्या आसपास डीटीपीची दुकानं असतात. लग्नपत्रिका, फ्लेक्स, अर्ज, संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस, शाळेचं स्मरणिका.. सगळं तिथून निघतं. त्या ऑपरेटरला नावं ठेवणं फार सोपं आहे. पण जरा इतिहास बघू.

भारतीय मानक संस्थेने १९९१ साली आयस्की नावाचं प्रमाण कोड काढलं, आयएस १३१९४. कल्पना सुंदर होती. सगळ्या भारतीय लिप्यांतल्या 'क'ला एकच नंबर, लिपी फक्त दाखवताना बदलायची. निलंग्याहून थोडं पुढे गेलं की कर्नाटक लागतं. आयस्कीत मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकच बाइट! त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातला देवनागरीचा तक्ता आयस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरूनच बेतलेला होता. म्हणजे पाया आपल्याकडचाच.

पण विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी जुळवताच येत नव्हतं. विंडोज २००० मध्ये पहिल्यांदा ते जमलं, मंगल फॉन्ट तेव्हाचा. एक्सपीमध्येसुद्धा सेटिंगमध्ये जाऊन सोय चालू करावी लागायची आणि मूळ सीडी मागितली जायची. गावातल्या किती मशीनबरोबर मूळ सीडी होती, हे मी सांगायला नको :) त्या काळात मराठीतून काम करायचं, तर रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेले फॉन्ट हाच मार्ग होता. श्री-लिपी, सीडॅकचं आयएसएम, शिवाजी, कृतिदेव.. प्रत्येकाचा तक्ता वेगळा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, तिला युनिकोड देवनागरी येत नाही. इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट जुळवता आल्या त्या २०१२च्या सीएस६ पासून. म्हणजे त्या ऑपरेटरने वीस वर्षं जे वापरलं, ते त्याला मिळालेलं एकमेव चालणारं हत्यार होतं.

जपान्यांनी काय केलं

मूळ ईमेल फक्त इंग्रजीसाठी होती. १९८२च्या नियमांत सात बिटांचं आस्की, बस्स. जपान्यांची अडचण आपल्याहून मोठी होती. त्यांच्या पीसीवर एक कोड, युनिक्स मशीनवर दुसरं, आणि ही दोन्ही सात बिटांच्या वाटेने धड जाणार नाहीत. अशा गचाळ मजकुराला त्यांच्याकडे 'मोजिबाके' असा शब्दच आहे.

त्यांनी टोकियोतल्या दुकानदाराला 'कोड बदल' असं सांगितलं नाही. मेलसाठी आयएसओ-२०२२-जेपी असं तिसरं, सात बिटांत मावणारं कोड ठरवलं आणि १९९३ साली ते लिहून प्रसिद्ध केलं. मेल सॉफ्टवेअर पाठवताना मजकूर त्या कोडात बदलायचं, घेताना परत फिरवायचं. दुकानदाराला पत्ता नाही. रशियनांचं केओआय८-आर ही १९९३ सालीच नोंदलं गेलं, आणि त्याची रचना तर इतकी धूर्त की वाटेत आठवा बिट गळाला तरी रशियन मजकूर रोमन अक्षरांत कसाबसा वाचता येतो. १९९२ साली माइम आलं होतं, त्यात मेलवर 'आत कुठलं कोड आहे' हे लिहायची जागा होती. ह्या लोकांनी त्या जागेत आपापलं नाव लिहिलं.

आपलं आयस्की ह्या सगळ्यांच्या आधीचं. पण मेलच्या जगात त्याला नोंदलेलं असं नावच मिळालं नाही. आजही ब्राउझरवाल्यांनी मिळून ठरवलेल्या एन्कोडिंगच्या मानकात जुन्या कोडांची यादी आहे. त्यात जपानी तीन आहेत, थाई आहे, हिब्रू, अरबी, रशियन आहे. भारतीय लिपीचं जुनं कोड एकही नाही. यादीत नाव का नाही? कारण मागायला कुणी गेलं नाही. आणि जाऊ शकणारी माणसं तेव्हाही पुण्या-बंगलोरात पगार घेत होती.

हे सगळं कशासाठी?

तुम्ही म्हणाल, एक नोटीस वाचता आली नाही तर काय बिघडलं? फोन करून विचार.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. गुरुजी तेव्हा मदतीच्या कामात होते. पुढे त्यांनी त्या दिवसांबद्दल साठेक पानं लिहिली, गावातल्याच दुकानातून टाईप करून घेतली, आणि २००७ साली दुकानदाराने ती पुण्यातल्या त्यांच्या मुलाला मेल केली. फाईल जोडण्याऐवजी मजकूर मेलमध्येच पेस्ट केला. मुलाला एफ-यू-वाय दिसलं. "नंतर बघू" म्हणून त्याने ती ठेवून दिली.

गुरुजी गेले. हस्तलिखित घर बदलताना गेलं. दुकानातलं मशीन भंगारात गेलं. राहिली ती मेल.

ती मेल दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. फॉन्ट कृतिदेव घराण्यातला निघाला. तक्ता लिहून, वेलांट्या आणि रफार जागेवर आणून दोन संध्याकाळींत मजकूर बाहेर आला. जवळजवळ सगळा. 'जवळजवळ' अशासाठी, की ह्या फॉन्टमधली काही जोडाक्षरं १२८ च्या वरच्या नंबरांवर असतात आणि वाटेत कुठल्यातरी सॉफ्टवेअरने त्यांची प्रश्नचिन्हं केली होती. बरीचशी मुलाने संदर्भावरून भरली. पण ढिगाऱ्यातून काढलेल्या लोकांची एक यादी होती. त्यातल्या एका बाईच्या नावात मधलं जोडाक्षर गेलंय. ते आता कुणालाच सांगता येत नाही.

सतरा वर्षं तो मजकूर त्या मेलबॉक्समध्येच पडून होता. मेल सॉफ्टवेअरने तो हजार वेळा उघडून दाखवला असेल. पण हा मराठी आहे असा संशय त्याला एकदाही आला नाही, कारण तसा संशय घ्यायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. 'त्यांना युनिकोड वापरायला सांग'.. कुणाला सांगू आता?

ठरलेले आक्षेप

"आता सगळं युनिकोडच आहे." नव्या मजकुरापुरतं मोबाईलमुळे हे बरंचसं खरं आहे. पण मेलबॉक्स नवा नसतो. आणि युनिकोडमध्येही सगळं आलबेल नाही. 'आचाऱ्यांना बोलवा' आणि 'आचार्यांना बोलवा' ह्यात लग्नाच्या जेवणाचा फरक आहे. तो डोळ्यातला र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, त्यातल्या एकीत अदृश्य जोडचिन्ह लागतं. एखाद्या सॉफ्टवेअरने ते अदृश्य चिन्ह कचरा म्हणून पुसलं, की आचारी आचार्य होतात. एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने शोधलं तर सापडत नाही. दोन्ही रूपं एक धरणं, हेही रूपांतरच, आणि ते सॉफ्टवेअरनेच करायचं.

"पीडीएफ पाठव, नाहीतर फोटो काढून टाक." म्हणजे मजकुराचं चित्र करा. मग त्यात शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही, आणि स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या अंध माणसाला त्यात काही सापडत नाही. जुन्या फॉन्टमधून काढलेल्या पीडीएफमधला मजकूर कॉपी करून बघा. पुन्हा तेच एफ-यू-वाय.

"रोमनमध्ये लिही, समजतं की." तुम्हाला समजतं. तुमच्या आजीला? आणि तुम्हाला तरी 'मन' आणि 'मान', 'कर' आणि 'कार' पहिल्या फटक्यात कळतात का?

"सॉफ्टवेअरचा अंदाज चुकला तर?" चुकू दे. मूळ बाइटना हात लावायचा नाही, रूपांतर फक्त दाखवताना करायचं आणि वर एक 'मूळ मजकूर पहा' असं बटण ठेवायचं. आपण स्पॅमचा अंदाज रोज मशीनवर सोडतोच ना? तिथे तर चुकल्यावर मेलच गायब होते.

"फॉन्ट शेकड्यांनी आहेत." नावं शेकड्यांनी आहेत, तक्त्यांची घराणी थोडी. फायरफॉक्ससाठी पद्म नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. वर्तमानपत्रांच्या साइट आपापले फॉन्ट वापरायच्या त्या काळात ते पान उघडतानाच फॉन्ट-कोडाचं युनिकोड करायचं. २००५ साली केंद्र सरकारच्या टीडीआयएल कार्यक्रमातर्फे हिंदीसाठी फुकट सॉफ्टवेअरची सीडी निघाली. तिच्यात ईमेल क्लायंटही होता आणि फॉन्ट-कोड बदलणारं कन्व्हर्टरही होतं. एकाच सीडीवर! दोन वस्तू शेजारी ठेवल्या, पण कन्व्हर्टर मेलच्या पोटात असायला हवं, हे काही रूढ झालं नाही.

मराठवाड्याला हे नवीन नाही

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. जुने महसुली कागद उर्दूत, कित्येक मोडीत. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा हे कागद बाहेर काढावे लागले आणि मोडी-उर्दू वाचणारे जाणकार शोधावे लागले. मागणी योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवा. नुसता कागद असून भागत नाही, तो वाचणारा लागतो, एवढं त्यातून सगळ्यांना कळलं.

मोडीचे निदान वर्ग चालतात, पुस्तकं आहेत, जाणकार आहेत. फॉन्ट-कोडाला काय आहे? एक फॉन्ट फाईल, जी एखाद्या बंद पडलेल्या हार्ड डिस्कवर असेल, आणि एक तक्ता, जो कुणीतरी कधीतरी लिहिला असेल. पन्नास वर्षांनी कुणा नातवाने आजोबांचा मेलबॉक्स उघडला, तर त्याला वाचून दाखवायला मोडीचा जाणकारही चालणार नाही.

मग मागायचं काय?

१. जाणारी प्रत्येक मेल यूटीएफ-८ मध्ये, आणि तसं लेबल लावून. विषयाची ओळ आणि जोडलेल्या फाईलचं नावसुद्धा. आपण बनवलेल्या सिस्टीममधून जाणाऱ्या ओटीपीच्या, पावतीच्या, फीच्या मेलसुद्धा ह्यात आल्या. विषयात प्रश्नचिन्हांची रांग असलेली मेल कुणातरी इंजिनियरने टेस्ट न करता सोडलेली असते.

२. येणाऱ्या मेलच्या लेबलवर आंधळा विश्वास नको. दर तिसरा बाइट ई० आणि त्यापुढे ए४ किंवा ए५, असा नमुना युरोपातल्या कुठल्याही भाषेत येत नाही. दिसला की ते देवनागरी आहे, विचारायची गरज नाही.

३. फॉन्ट-कोड ओळखा. कृतिदेवमध्ये 'आहे' म्हणजे व्ही-के-जी-एस. पानभर मराठीत 'आहे' नाही असं होत नाही, आणि पानभर इंग्रजीत व्ही-के-जी-एस दहा वेळा येत नाही. दहाबारा तक्ते लावून बघा, ज्यातून धड मराठी शब्द निघतील तो खरा. शब्दाच्या सुरुवातीला सुटी मात्रा आली की तो तक्ता बाद.

४. रूपांतर केलेला मजकूरच शोधासाठी वापरा, म्हणजे 'भूकंप' शोधल्यावर २००७ची मेलही सापडेल.

ह्यात संशोधनाचा विषय एकही नाही. थंडरबर्डचा सोर्स कोड उघडा आहे. त्यात चुकीचं एन्कोडिंग दुरुस्त करायची सोयही आहे, फक्त तिला आपले फॉन्ट माहीत नाहीत. जर्मनीतल्या ग्राहकाच्या आडनावातले दोन ठिपके उडाले, म्हणून रात्री दोन वाजता कॉलवर बसणारे लोक आपण. ते बसणं योग्यच होतं, माणसाचं नाव आहे ते. मग त्या यादीतल्या बाईचं नाव काय होतं, ह्यासाठी एक शनिवार काढायला हरकत नसावी.

तेव्हा मंडळी, गावाकडे जुने फॉन्ट आणि जुन्या मेल पडलेल्या असतीलच. ह्या सुट्टीत गेलात की डीटीपीवाल्या काकांच्या दुकानात चहा प्या, त्यांच्या मशीनवरचे फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या, आणि एकेक घराण्याचा तक्ता लिहायला घ्या. कृतिदेवचा माझ्याकडे तयार आहे. श्री-लिपी आणि आयएसएमला माणसं हवी आहेत.